लुटुपुटूची कुस्ती, खरीखुरी दुखापत

अमेरिकेत दर सोमवारी रात्री कोणत्या ना कोणत्या शहरातील क्रीडागृहात हजारो माणसे तिकीट काढून बसतात. दोरांनी वेढलेल्या चौकोनी रिंगणात उतरणाऱ्या धिप्पाड मल्लांचा ती घसा बसेपर्यंत जयजयकार करतात किंवा धिक्कार करतात, आणि जगभरचे लक्षावधी प्रेक्षक घरबसल्या त्यात सामील होतात. 'मंडे नाइट रॉ' हा तो कार्यक्रम. ११ जानेवारी १९९३ रोजी तो सुरू झाला आणि तीन दशके उलटून गेल्यावरही आठवड्याचा नेम त्याने सोडलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो केबल वाहिनी सोडून 'नेटफ्लिक्स'वर गेला. त्यासाठी दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार झाला आहे. या कार्यक्रमात कोणाची सरशी व्हावयाची, कोणी कोणाचा विश्वासघात करावयाचा, अजिंक्यपदाचा पट्टा कोणाच्या कमरेला बांधला जावयाचा, हे सारे लेखकांच्या बैठकीत आधीच ठरलेले असते. पाहणाऱ्यालाही ते पुरते ठाऊक असते. तरीही तो पाहतो, चिडतो, हळहळतो आणि पुढच्या सोमवारची वाट पाहू लागतो.

शहाण्यासुरत्या माणसांचा यावर एक ठरीव आक्षेप असतो : हे सगळे खोटे आहे. महाराष्ट्रात तर हा आक्षेप अधिकच तिखटपणे घेतला जातो. कारण राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेच्या मैदानात निकाली कुस्तीची परंपरा ज्यांनी जपली, त्या रसिकांना ठरवून केलेली कुस्ती म्हणजे तांबड्या मातीचा अपमानच वाटणार. तथापि या प्रकाराशी महाराष्ट्राची ओळख नाही असे नाही. १९६८ साली दारासिंग यांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझवर विजय मिळविला, तेव्हा त्या कुस्तीकडेही लोक मोठ्या उत्सुकतेने धावले होते. पुढे नव्वदच्या दशकात केबल घरोघर पोचल्यावर मराठी मुलांची एक सबंध पिढी अंडरटेकर आणि ब्रेट हार्ट यांच्या नावांचे पत्ते खेळत वाढली. त्या मुलांना वडीलधाऱ्यांनी 'अरे, ही लुटुपुटूची लढाई आहे' असे शेकडो वेळा सांगितले. मुलांनी ते ऐकले आणि टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. 'हे खोटे आहे' एवढे म्हटल्याने विषय संपत नाही, हे त्या मुलांना कळले होते. किंबहुना खरा विषय तेथून पुढे सुरू होतो.

या व्यवसायाची मुळे अमेरिकेतील फिरत्या जत्रांत सापडतात. जत्रेच्या तंबूत पैलवान उभा करून पैजा लावल्या जात. निकाल आपल्या हाती ठेवला तर धंद्याला अधिक बरकत येते, हे आयोजकांच्या लवकरच ध्यानात आले. खरी कुस्ती कधी तासन् तास रेंगाळे, तर कधी क्षणात संपे. ठरवलेली कुस्ती मात्र हवी तशी रंगविता येई. हे गुपित जपण्याच्या रीतीला त्या मंडळींच्या बोलीत 'केफेब' असे नाव पडले. नायक तो 'बेबीफेस' आणि खलनायक तो 'हील'. रिंगणात जे एकमेकांचे वैरी, त्यांनी बाहेर एका टेबलाशी जेवावयाचे नाही की एका गाडीतून प्रवास करावयाचा नाही, असा दंडक होता. १९८७ साली आयर्न शेख आणि जिम डगन हे दोन 'हाडवैरी' न्यू जर्सीत अमली पदार्थांसह पोलिसांच्या हाती लागले. तेव्हा या व्यवसायाला अमली पदार्थांपेक्षा ते दोघे एकाच मोटारीत बसले होते, याचाच धक्का अधिक बसला!

हे गुपित अखेर फोडले ते कोणा शोधक पत्रकाराने नव्हे, तर खुद्द कंपनीने. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे व्यावसायिक कुस्तीला सरकारी नियंत्रणातून मुक्त करणारे विधेयक आले. त्या वेळी 'वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन'ने स्वच्छ शब्दांत कबूल केले की, आपल्या कुस्त्या म्हणजे खरीखुरी क्रीडास्पर्धा नव्हे, प्रेक्षकांची करमणूक हाच त्यांचा मुख्य हेतू होय. या प्रांजळपणामागे सत्यनिष्ठा नव्हती, हिशेब होता. क्रीडाप्रकार म्हटला की परवाने आले, कर आले, सामन्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी आली. करमणूक म्हटली की हे सारे टळते. पुढे २००२ साली कंपनीच्या नावातील 'फेडरेशन' जाऊन 'एंटरटेनमेंट' हा शब्द आला आणि त्या कबुलीवर जणू पाटीच लागली.

गुपित फुटल्यावर प्रेक्षक पाठ फिरवतील, असे वाटणे स्वाभाविक होते. घडले ते उलटच. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ सालीच आपल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात ही कुस्ती खेळ नसून एक देखावा आहे, अशी मांडणी केली होती. दशावतारात संकासुराचा वध पाहणाऱ्या कोकणी प्रेक्षकाला हे बार्थने सांगावे लागत नाही. संकासुर मरणार हे त्याला आधीच माहीत असते. तो कसा माजतो, कसा लपतो आणि शेवटी कसा सापडतो, हे पाहण्यासाठी तो रात्रभर जागतो. अमेरिकन कुस्तीचा प्रेक्षकही निकालाच्या खरेपणासाठी येत नाही. अन्याय करणारा माजावा, सज्जनाने सोसावे आणि त्या सोसण्याला केव्हा तरी फळ यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. हा न्यायाचा हिशेब चुकला की मात्र तो गप्प बसत नाही.

या हिशेबाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालचे. त्या वेळी 'रॉ'ला टेड टर्नर यांच्या वाहिनीवरील 'नायट्रो' या कार्यक्रमाने जवळजवळ दोन वर्षे मागे टाकले होते. तेव्हा कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमॅहन स्वतःच खलनायक होऊन रिंगणात उतरले. त्यांच्यासमोर उभा राहिला तो टेक्सासचा तोंडाळ, बिअर ढोसणारा, कोणाचाही हुकूम न मानणारा स्टीव्ह ऑस्टिन. सुटाबुटातील मालकाला नोकराने चारचौघांत चोप द्यावा, हे दृश्य पाहण्यासाठी सारी अमेरिका लोटली. दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाऊन घरी आलेल्या माणसाला आपल्या मनातील गोष्ट कोणी तरी करून दाखवीत आहे असे वाटले, यात नवल ते काय? १३ एप्रिल १९९८ रोजी या दोघांची झुंज जाहीर झाली आणि 'रॉ'ने प्रतिस्पर्ध्यावर पुन्हा आघाडी मिळविली. २००१ च्या मार्चमध्ये तर प्रतिस्पर्धी कंपनीच मॅकमॅहन यांनी विकत घेतली.

पुढच्या काळात प्रेक्षक केवळ टाळ्या देऊन थांबला नाही, त्याने कथानकाची दिशाच बदलावयास लावली. डॅनियल ब्रायन हा उंचीने बेताचा, दाढी वाढविलेला, परंतु कौशल्यात कोणाला न हार जाणारा मल्ल होता. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याने अजिंक्यपद जिंकले आणि त्याच रात्री ते हिरावले गेले. कंपनीचे अधिकारी म्हणून वावरणाऱ्या पात्रांनी त्याला दुय्यम दर्जाचा ठरविले. हा अपमान कथानकाचा भाग होता. परंतु त्याला खरोखरच मागे ठेवले जात आहे अशी प्रेक्षकांची खात्री होत गेली. ९ डिसेंबर २०१३ रोजी सिएटल येथे जुन्या-नव्या विजेत्यांचा सोहळा चालू असताना प्रेक्षकांनी ब्रायनच्या नावाचा असा गजर केला की व्यासपीठावरील मंडळींना बोलणे अवघड झाले. जानेवारी २०१४ मध्ये पिट्सबर्ग येथे 'रॉयल रंबल' जिंकणाऱ्या बटिस्टाच्या वाट्याला जयघोषाऐवजी हुर्यो आली. अखेर ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे एकाच रात्री दोन झुंजी जिंकून ब्रायन विजेता झाला. ठरलेल्या कुस्तीचा निकाल प्रेक्षकांनी ठरविला, असे म्हटल्यास त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

दहा वर्षांनी याची पुनरावृत्ती झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडी ऱ्होड्स याची मुख्य लढतीतील जागा 'द रॉक' या नावाने गाजलेल्या ड्वेन जॉन्सन यांना दिली जाणार, असे चित्र दिसू लागले. जॉन्सन तेव्हा नुकतेच कंपनीच्या मातृसंस्थेच्या संचालक मंडळावर आले होते. प्रेक्षक इतके खवळले की आठवड्याभरात बेत फिरला, आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया येथे ऱ्होड्सने रोमन रेन्सची १,३१६ दिवसांची सद्दी संपविली. मात्र यातील एक बारकावा नजरेतून निसटता कामा नये. प्रेक्षकांच्या संतापापुढे कंपनी नुसती नमली नाही. तिने तो संतापच कथानकात ओवला, जॉन्सन यांना खलनायक केले आणि त्या खलनायकाला पाहण्यासाठी पुन्हा तिकिटे विकली. जो राग विकता येतो, त्याचे व्यापारी स्वागतच करतो. प्रेक्षकांच्या सामर्थ्याची खरी परीक्षा जो राग विकता येत नाही तेथे व्हावयाची आहे, आणि तेथेच हा बोलका प्रेक्षक आजवर मुका राहिलेला आहे.

निकाल खोटा असला तरी अंग खरे असते. दहा फुटांवरून पडणाऱ्या माणसासाठी गुरुत्वाकर्षण 'केफेब' पाळीत नाही. या व्यवसायात प्रतिस्पर्धी हा वस्तुतः जोडीदार असतो. ज्याला उचलून आपटावयाचे त्याच्या मानेची जबाबदारी आपटणाऱ्यावर असते. हाताची पकड इंचभर चुकली तर काय होते, हे ऑगस्ट १९९७ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनने अनुभवले. ओवेन हार्टच्या एका डावात त्याचे डोके जमिनीवर आदळले आणि काही क्षण त्याचे हातपाय लुळे पडले. तशाही अवस्थेत त्याने ठरलेला शेवट कसाबसा पार पाडला. त्या मानेने पुढे त्याची पाठ सोडली नाही, आणि २००३ साली वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच त्याला नियमित कुस्तीतून निवृत्त व्हावे लागले. मालकाला लोळविणारा हा नोकर आपल्या कामामुळेच जायबंदी झाला होता, ही गोष्ट कथानकात फारशी शोभण्यासारखी नव्हती.

२३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे त्याच ओवेन हार्टला छतावरून दोराने रिंगणात उतरविण्याचा देखावा योजलेला होता. कडी सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून खाली कोसळून मरण पावला. हा करमणुकीचा भाग नाही, असे समालोचकाला दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले. आणि कार्यक्रम? तो पुढे चालूच ठेवण्यात आला. हार्ट कुटुंबाने दावा दाखल केला आणि २००० साली कंपनीने १ कोटी ८० लाख डॉलर देऊन तो मिटविला. २००७ साली ख्रिस बेन्वा या मल्लाने पत्नीची व मुलाची हत्या करून आत्महत्या केली. त्या अमानुष कृत्याचे सारे खापर कोणत्याही एका कारणावर फोडता येणार नाही. परंतु मरणोत्तर तपासणीत त्याच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या आघातांच्या खुणा आढळल्या, ही गोष्ट दृष्टिआड करण्याजोगी नव्हती. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या डॅनियल ब्रायनचे काय झाले? विजयानंतर दोनच महिन्यांत मानेच्या दुखापतीमुळे त्याला अजिंक्यपद सोडावे लागले, आणि मेंदूला वारंवार बसलेल्या हादऱ्यांमुळे फेब्रुवारी २०१६ मध्ये निवृत्तीच जाहीर करावी लागली. दोन वर्षांनी वैद्यकीय परवानगी मिळवून तो परतला, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी पुन्हा आनंदाने हात उंचावले.

अशा जोखमीच्या व्यवसायातील माणसांना कायद्याच्या दृष्टीने काय दर्जा आहे? ही कंपनी आपल्या मल्लांना नोकर मानीत नाही. करारानुसार ते 'स्वतंत्र कंत्राटदार' असतात. कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या वेषात, कोणाकडून हरावयाचे, हे कंपनी ठरविणार. दुसऱ्या कंपनीच्या रिंगणात उतरण्याची त्यांना मोकळीक नाही. तरीही ती माणसे स्वतंत्र! या स्वातंत्र्याचा अर्थ एवढाच की, नोकरदाराला मिळणारा आरोग्यविमा ज्याचा त्याने आपल्या खिशातून घ्यावयाचा आणि निवृत्तीची तरतूदही आपली आपण पाहावयाची. हॉलिवूडच्या चित्रपटात उंचावरून उडी मारणाऱ्या स्टंटवाल्याच्या पाठीशी कामगार संघटना असते. तीच उडी रिंगणात मारणाऱ्या मल्लाच्या पाठीशी कोणी नसते.

प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९८६ साली, दुसऱ्या 'रेसलमेनिया'च्या सुमारास, जेसी व्हेंचुरा याने सहकाऱ्यांपुढे संघटनेची कल्पना मांडली होती. ही बातमी मालकापर्यंत पोचली आणि बेत तेथेच बारगळला. ती पोचविणारा कोण, हे पुढे मानधनाच्या दाव्यात खुद्द मॅकमॅहन यांच्या साक्षीतून उघड झाले : त्या काळातील लाडका नायक हल्क होगन. पडद्यावर सज्जनांचा कैवारी म्हणून गाजलेल्या माणसाने पडद्यामागे कोणती भूमिका केली, हे यावरून दिसते. व्हेंचुरा पुढे चित्रपटात गेला तेव्हा नटांच्या संघटनेचा रीतसर सभासद झाला, आणि नंतर मिनेसोटाचा गव्हर्नरही झाला. ज्या राज्याचा कारभार त्याच्या हाती लोकांनी सोपविला, त्याच्या प्रमुखाला आपल्या जुन्या व्यवसायात एक साधी संघटना उभारता आली नव्हती.

कंपनीची बाजूही विचारात घेतली पाहिजे. रिंगणात झालेल्या दुखापतींच्या उपचारांचा खर्च आपण करतो, असे तिचे म्हणणे आहे. एडी गरेरो याच्या आकस्मिक मृत्यूनंतर २००६ साली तिने उत्तेजके व हृदयविकार यांच्या तपासणीची योजना सुरू केली, आणि २०१० साली डोक्यात खुर्ची हाणण्यावर बंदी घातली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत, यात शंका नाही. मल्ल जाणूनबुजून या व्यवसायात येतात आणि त्यांतील काही कोट्यधीश होतात, हेही खरे. परंतु मालकाच्या मर्जीने मिळालेली सवलत आणि कायद्याने मिळालेला हक्क यांत मूलभूत अंतर आहे. २०१६ साली पन्नासहून अधिक माजी मल्लांनी मेंदूच्या विकारांबद्दल कंपनीवर दावा लावला, तेव्हा या अंतराची जाणीव त्यांना झाली असेल. २०१८ साली न्यायालयाने तो फेटाळला. बहुतेक मागण्यांची मुदत टळून गेलेली होती. जे विकार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात, त्यांना दाव्याच्या मुदतीचे गणित कसे कळावे?

या साऱ्याची गोळाबेरीज केली तर कंपनीचे तीन मुखवटे दिसतात. सरकारपुढे ती म्हणते : हा खेळ नव्हे, नाटक आहे; म्हणून आम्हांला क्रीडा नियंत्रण नको. मल्लांपुढे ती म्हणते : तुम्ही आमच्या नाटकातील नोकर नव्हे, स्वतंत्र व्यावसायिक आहात, म्हणून आम्हांकडे नोकराचे हक्क मागू नका. आणि प्रेक्षकांपुढे ती म्हणते : ही जिवावरची झुंज आहे, म्हणून तिकीट काढा. तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगून प्रत्येक ठिकाणी आपलाच लाभ करून घेणे, हीच या व्यवसायातील खरी लबाडी होय. कुस्तीचा निकाल आधी ठरविणे ही त्यापुढे अगदीच निरुपद्रवी बाब आहे.

म्हणूनच 'हे खोटे आहे' म्हणून नाक मुरडणारा सुशिक्षित आणि बेभान होऊन ओरडणारा चाहता या दोघांचीही चूक एकाच ठिकाणी होते. पहिला खोट्या निकालावर थांबतो, दुसरा खोट्या न्यायावर समाधान मानतो. त्यातल्या त्यात आशा ठेवावयाची ती दुसऱ्याकडूनच, कारण आवाज त्याच्यापाशी आहे. त्या आवाजाने कथानके बदलली, संचालकांचे बेत फिरविले, उपेक्षिताला विजेता केले. पाच अब्ज डॉलरच्या करारामागे जी शक्ती उभी आहे, ती या प्रेक्षकांच्या घशातील आहे. पट्टा कोणाला मिळावा यासाठी जी माणसे सिएटलमध्ये एक अख्खा सोहळा रोखून धरू शकली, त्यांनी एकदा विम्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी आणि संघटनेच्या हक्कासाठी तसेच ओरडून पाहावे. त्या मागणीवर कंपनीला नवे कथानक रचता येणार नाही आणि तिचे तिकीटही विकता येणार नाही. तिला मल्लांशी करारच बदलावे लागतील.